एक जूनची माणसं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, मरोळच्या ऑफिसात, शोधाच्या नव्या चौकटीत मी बाबांचं नाव लिहिलं. खास कारण काही नव्हतं. नवी चौकट आली की जो तो आधी आपल्या घरातलंच नाव टाकून बघतो. शेजारच्या मानसीने तिच्या आजीचं टाकलं होतं आणि आजीच्या दाताचा सत्तावीस वर्षांपूर्वीचा एक्स-रे सापडल्यावर ती सगळ्यांना बोलावून दाखवत होती. मी जेमतेम अर्धं नाव लिहिलं असेन, खाली ओळ उमटली. कुंडलिक किसन इंगळे, पुरुष, जन्म १ जून १९५१, तालुका मेहकर. त्याखाली बारीक करड्या अक्षरांत: शेवटची भेट आज, ११ वाजून १२ मिनिटे, मुलुंड दवाखाना. बाबांना जाऊन त्या दिवशी पन्नास दिवस झाले होते.

माझ्या मनात आधी आलं ते भय नव्हतं. राग होता. परत गेले, परत न सांगता गेले, असं मी स्वतःशी म्हटलं, आणि आपण काय म्हटलं हे कळायला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ बाबा जिवंत होते. कापडी पिशवी मांडीवर घेऊन ते मुलुंडला कुठल्या तरी बाकावर बसले होते, नंबर यायची वाट बघत. मग ते बाकावरून गेले आणि मला माझी बोटं दिसली, कळफलकावर तशीच ठेवलेली. एसीची हवा मानेवर पडत होती. मागे मानसी कुणाला तरी सांगत होती, "आजीला दाखवलं ना, तर म्हणेल माझा दात परत दे." लोक हसले. मीही हसले असेन. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ओळ होती तिथेच होती.

आमचं काम समजावून सांगायला सोपं आहे. पूर्व उपनगरांतल्या एका धर्मादाय संस्थेचे नऊ दवाखाने आणि एक रुग्णालय. प्रत्येकाची वहीखाती वेगळी, केसपेपरचे नंबर वेगळे, माणसं मात्र तीच. एकच बाई घाटकोपरला डोळे दाखवते, भांडुपला गुडघे दाखवते आणि दोन्हीकडे नवी होते. ते सगळं ऑनलाइन आणायचं आणि असं लावायचं, की नाव लिहिलं की माणूस सापडावा, अख्खा, एका पानावर. त्यासाठी आधी जुळणी करावी लागते. संगणक दोन नोंदी शेजारी-शेजारी ठेवतो आणि विचारतो, एकच की वेगळे? शंभरातल्या नव्वद तो स्वतःच ठरवतो. उरलेल्या दहा आमच्याकडे येतात. आम्ही बारा जण दिवसभर बसून 'एकच' किंवा 'वेगळे' यांपैकी एक बटण दाबतो, आणि कुठे तरी दोन अर्धे मिळून एक माणूस होतो. हे काम मला आवडायचं. लहानपणापासून मला पसारा सहन होत नाही. ज्या वस्तूला जागा नाही ती वस्तू मला आजारी वाटते.

जुळणीचे नियम लिहिणारी मीच. त्यातला चौथा नियम मी पोरांना पहिल्याच आठवड्यात हसत हसत शिकवला होता. जन्मतारीख १ जून असेल तर ती पुरावा धरू नये. त्यांना कळेना. ओजस नावाचा एक जण म्हणाला, "मॅडम, पण तारीख तर सगळ्यात पक्की गोष्ट ना?" मग मी सांगितलं. गावात पोराला शाळेत घालायला बाप घेऊन जायचा, मास्तर विचारायचे कधी जन्मला, बाप म्हणायचा, त्या साली पूर आला होता तेव्हा. मास्तर पोराच्या डोक्यावरून हात फिरवून कान धरायला लावायचे, हात दुसऱ्या कानाला पोचला की सहा वर्षांचा, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहायचे. वर्गच्या वर्ग एका दिवशी जन्माला घातलेत मास्तरांनी. बाबा स्वतः सांगायचे, "आमच्या शाळेत एकोणतीस पोट्टे एकाच दिवशी पैदा झाले. सुइणीची काय वाट लागली असंल!" आणि दरवेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखे हसायचे. हे पोरांना सांगताना मलाही हसू आलं होतं. नियम सगळ्यांनी नीट पाळला. न पाळणारी त्या बारा जणांत एकच निघाली.

डिसेंबरमधली गोष्ट. माझ्यासमोर जोडी आली: घाटकोपर दवाखाना आणि मुलुंड दवाखाना. कुंडलिक किसन इंगळे आणि कुंडलिक किसन इंगळे. तालुका तोच, तारीख तीच. संगणकाला खात्री नव्हती, पत्ते वेगळे होते. नियमाप्रमाणे ही जोडी दुसऱ्याकडे द्यायची होती, दोन कारणांसाठी: तारीख १ जून, आणि आपल्या नात्यातल्या माणसाची नोंद आपण हाताळायची नाही. मी दिली नाही. बाबांचं नाव पडद्यावर बघून मला एखाद्या परक्या स्टेशनवर ओळखीचा चेहरा दिसावा तसं झालं. यांना मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार? मी 'एकच' दाबलं. आणि मग मुलुंडचं पान उघडून वाचलं, की हृदयाचे ठोके अनियमित, रक्त पातळ करणारी गोळी, दिवसातून दोनदा, गेली तीन वर्षं. दर दोन मंगळवारांनी भेट.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी पर्सही खाली ठेवली नव्हती.

"बाबा, मुलुंडला कशाला जाता?"

ते गच्चीतून वाळलेले कपडे घेऊन आले होते, आईचं लुगडं अजून खांद्यावर होतं. "मुलुंडले? मी कशाले जाऊ मुलुंडले?"

"गोळी घेता ना तुम्ही हार्टची."

"कोन म्हनते?"

"मला सगळं दिसतं आता," मी म्हटलं. हे वाक्य मी अभिमानाने म्हटलं होतं. "लपवून काय फायदा?"

ते मग आईकडे बघून म्हणाले, "लता, ऐक. तुही पोरगी म्हनते मी मुलुंडले चोरून जातो. म्हातारपणी बाई ठेवली वाटते मी." आई हसली, पण पुरतं नाही. मी तिला खूण केली, की राहू दे, नंतर बोलू. त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून त्यांच्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. आई मंगळवारी त्यांच्या पिशवीत बघायची. ते अर्धा तास जास्त बाहेर राहिले, की आम्ही एकमेकींकडे बघायचो. ते पायाखालून जमीन सरकलेल्या माणसासारखे नव्हते, उलट गंमतीत होते, आणि त्यांची ती गंमतच मला पुराव्यासारखी वाटायची.

बाबा मरोळच्याच एका वर्कशॉपमध्ये फिटर होते, माझं ऑफिस आहे तिथून दोन गल्ल्या पलीकडे. ते वर्कशॉप आता नाही. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जायचे. भिंतीला चाळीस-पन्नास पत्र्याचे डबे, बिस्किटांचे, पावडरीचे, आणि एकाही डब्यावर नाव नाही. प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतल्या वस्तूंपैकी एक तारेने बांधलेली. नट असतील तर एक नट, वॉशर असतील तर वॉशर. मी एकदा खडूने नावं लिहून ठेवली होती, नववीतलं माझं सुंदर अक्षर. ते रागावले नाहीत. म्हणाले, "नाव एकदा लिवलं माय, का मग आत कोनी पाहात नाही. उद्या कोनी डबा बदलला त नाव तेच राहते." त्यांनी ओल्या फडक्याने सगळी नावं पुसली. माझ्या नियमांच्या पुस्तिकेत या अर्थाचं एक वाक्य मी टाकलं होतं. पुस्तिकेत ते चांगलं दिसलं.

सत्तावीस फेब्रुवारीला, गुरुवारी, ते न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. विशालने, माझ्या भावाने, त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि आम्ही त्याच संस्थेच्या रुग्णालयात नेलं. मला तेव्हा बरंच वाटलं, कारण तिथे सगळं दिसतं. तरुण डॉक्टर होता, नीट दाढी केलेला, बोलायला चांगला. म्हणाला, "उद्या सकाळी ऑपरेशन करून टाकू, या वयात जितकं लवकर तितकं बरं. काही गोळ्या चालू आहेत का?" बाबा म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "आहे." आणि फोन काढून त्याला पान दाखवलं. त्याने स्वतःच्या पडद्यावर बघितलं, तिथेही तेच होतं. "मग तीन दिवस थांबायला लागेल. रक्त पातळ असताना हात लावता येणार नाही. गोळी बंद करू, सोमवारी घेऊ." बाबा म्हणाले, "डॉक्टर, मी असली गोळी खातच नाही." डॉक्टर माझ्याकडे बघून हसला. "आजोबा विसरतात." मीही हसले. तो जो हसण्याचा क्षण होता, दोन सेकंदांचा, त्यात आम्ही दोघं शहाणे होतो आणि ते एकटे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. शुक्रवार, शनिवार, रविवार ते पायाला वजन बांधून पडून होते. दुखायचं तेव्हा आईचा हात शोधायचे. रविवारी मला म्हणाले, "चेतना, तू तरी आइक." मी म्हटलं, "बाबा, झोपा." सोमवारी सकाळी सात वाजता, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं असताना, त्यांना धाप लागली. पायात साकळलेलं रक्त फुप्फुसात गेलं, असं नंतर सांगितलं. पडून राहिल्याने होतं, म्हणाले. वीस मिनिटं लागली.

त्यांच्या मृत्यूचा कागद अजून आमच्याकडे आलेला नव्हता. असे कागद रुग्णालय तीन महिन्यांनी गठ्ठ्याने स्कॅन करून पाठवतं. म्हणून त्यांचं पान उघडं होतं, आणि त्या उघड्या पानावर मंगळवारी अकरा वाजून बारा मिनिटांनी कुणी तरी येऊन बसलं होतं. मी पाणी पिऊन आले आणि ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. सत्तावीस फेब्रुवारी, रुग्णालय: खुब्याचे हाड, गोळी बंद. चार मार्च, मुलुंड दवाखाना: रुग्णालयाच्या सूचनेनुसार गोळी बंद ठेवली. चार मार्चला आम्ही घाटकोपरच्या घरात बाबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावत होतो. अठरा मार्च: गोळी बंद. एक एप्रिल: गोळी बंद. पंधराला भेट नाही. मग आज, बावीस एप्रिल: रुग्ण उशिरा आला, चक्कर येते म्हणतो, गोळी बंद. मला समजायला काहीच उरलं नव्हतं. मुलुंडमध्ये एक जिवंत कुंडलिक होता, ज्याचं हृदय वेडंवाकडं धावत होतं आणि ज्याची गोळी माझ्या बापाच्या मोडलेल्या हाडामुळे सात आठवडे बंद होती. आणि घाटकोपरला एक मेलेला कुंडलिक होता, जो खरं बोलत होता.

'वेगळे करा' हे बटण पानाच्या उजव्या कोपऱ्यात असतं. ते दाबलं की संगणक प्रत्येक ओळ पुढे करून विचारतो, ही कुणाची? सगळ्या वाटून झाल्या की दोन्ही घरच्यांच्या फोनवर दुरुस्त कागद जातो. आमच्या घरचा म्हणून आईचा नंबर होता. मी खिडकी बंद केली आणि जेवायला गेले. उद्या करू, असंही मी म्हटलं नाही.

तो आठवडा मी कसा काढला हे मला नीट मांडता येत नाही. मी घरी वेळेवर यायचे. आई भाकरी करायची. बाबांच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या माणसांची उष्टी-खरकटी आठवण घरात अजून होती, जास्तीच्या सतरंज्या मंडळाला परत द्यायच्या राहिल्या होत्या. आईने बाबांचं काही आवरलं नव्हतं, पण ती त्यांच्या फोटोकडे बघायची नाही. मी ते आधी दुःख समजले होते. गुरुवारी पोळपाट धुता धुता ती म्हणाली, "सत्तेचाळीस वर्षं संसार केला. अर्धी बिडी ओढली तरी मला येऊन सांगायचा माणूस. आणि गोळी लपवली. काय खाल्लं असतं मी त्यांना? लपवली म्हणून नडली ना शेवटी." मी म्हटलं, "जाऊ दे ना आई." "कसं जाऊ दे? मला तोंडावर खोटं बोलून गेले." तिने पोळपाट आपटून ठेवला. मी माझ्या खोलीत जाऊन फोनवर ते पान उघडलं. शेवटची भेट, बावीस एप्रिल. मी हे रोज करत होते, दिवसातून सात-आठ वेळा, ऑफिसात, मेट्रोत, जिन्यात. तो माणूस पडला तर इथेच कळेल, असं एक कारण मी स्वतःला दिलं होतं. ते खरं नव्हतं. बाबांच्या नावाखाली काही तरी चालू आहे, कुणी तरी त्यांचं वय वाढवत आहे, चक्कर येते म्हणतंय, उशिरा येतंय, हे मला बघायचं होतं. ती ओळ थांबली की बाबा तीन मार्चला सकाळी सात वीसला थांबणार होते, आणि त्याआधीचे तीन दिवस उघडे पडणार होते.

सोमवारी मानसी तिची खुर्ची ढकलत माझ्याकडे आली. "ए चेतना, हा कुंडलिक कोण आहे गं?"

"कोण?"

"अगं 'कुं' लिहिलं की सगळ्यांच्या स्क्रीनवर पहिला हाच येतोय. मी कुंदा शोधतेय, कुंडलिक. ओजस कुंभार शोधतोय, कुंडलिक. कोणी तरी आठवडाभर त्यालाच शोधत बसलंय वाटतं, चौकट शिकली." ती हसत होती, आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबली. मग तिने माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. तिथे माझं पूर्ण नाव असतं, मधल्या नावासकट. "शिट. सॉरी. तुझे बाबा ना?"

मी तिला सांगितलं. सगळं नाही. दोन माणसं एक झालीत एवढंच.

"मग वेगळं कर ना. दोन मिनिटांचं काम आहे यार."

"हो."

"कोणी जुळवली होती?"

"बघायला लागेल," मी म्हटलं. प्रत्येक जुळणीखाली जुळवणाऱ्याचं नाव असतं. ते तिलाही माहीत होतं. ती माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली उगाच सरळ करून म्हणाली, "तो माणूस ठीक आहे ना पण? दुसरा?" तिने विचारेपर्यंत हा प्रश्न सात दिवसांत मी शब्दांत एकदाही विचारला नव्हता.

एकोणतीस तारखेला, मंगळवारी, मी ऑफिसात न जाता मुलुंडला गेले. मंगळवार चुकला असता तरी चाललं असतं, पत्ता माझ्याकडे होता, पण मला वाटलं त्याच्या दारात उभं राहून काय सांगायचं? दवाखाना एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. बाकावर सात-आठ माणसं. मी प्रत्येक म्हाताऱ्याकडे बघत गेले आणि कुणीच बाबांसारखं दिसत नव्हतं, याचा मला राग आला. शेवटी एका बुटक्या, काळ्यासावळ्या, जाड चष्म्याच्या माणसाला टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "इंगळे बाबा, आज वेळेवर?" आणि तो म्हणाला, "आलो बाप्पा हळूहळू." चेहरा बाबांचा नव्हता, पण आवाजाची सगळी वळणं त्यांचीच होती. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"कुंडलिक इंगळे ना तुम्ही?"

"हो. कोनाची पोरगी व तू?"

मी उलट विचारलं, "बरं वाटतं का?"

"बरं काय. चक्कर येते. हा डावा हात आहे ना, परवा चहाची कपबशी धरली त सोडूनच देली त्यानं. घंटाभरानं आला जागेवर. सून म्हने झोपला असंल हात." तो हात उघडझाप करून मला दाखवत होता, लहान मुलाला गंमत दाखवावी तसा. "तशी मायी गोळी होती एक. बंद केली यायनं."

"का?"

"आता पाय. हे म्हनत, तुम्ही दवाखान्यात भरती होते, तुमचं खुब्याचं हाड मोडलं. मी म्हनलं, बाई, मी कवा भरती होतो? त ते म्हने, कम्प्युटरमधी आहे, बाबा, तुम्ही विसरता." तो हसला. "मी घरी जाऊन सुनेले इचारलं, मी पडलो होतो का व? ते म्हने नाही. पन ते दिवसभर नोकरीवर राह्यते, तिले काय मालूम. असंल बाप्पा, पडलो असंन." त्याने आवाज खाली आणला. "आता कवा कवा खुबा दुखते बी."

मी उठले. नंबर न घेता आत गेले. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, थकलेल्या, समोर एक बाळ रडत होतं. मी माझं कार्ड दाखवलं आणि म्हटलं, "बाहेर बसलेल्या इंगळ्यांच्या पानात दोन माणसं आहेत. यांना कधी फ्रॅक्चर झालं नाही. गोळी यांची आहे, बंद झाली ती चुकून. परवा यांचा डावा हात तासभर गेला होता."

त्यांनी बाळाच्या पाठीवरचा हात काढला. "काय म्हणता? किती दिवस झाले?" मग स्वतःच पडद्यावर बघून मोजलं. खुर्ची ढकलून दारापर्यंत गेल्या आणि हाक मारली, "बाबा, आत या. उठू नका, थांबा, सिस्टर, त्यांना धरून आणा." नंतर मला म्हणाल्या, "मला आत्ता, या क्षणी, यातलं काय त्यांचं आहे ते कळायला हवं. मोठ्या रुग्णालयात पाठवताना हा कागद पाठवू का मी? तिथेही हेच वाचतील."

मी बाहेरच्या बाकावर बसून लॅपटॉप उघडला. एकतीस ओळी होत्या. पहिली, २०११, घाटकोपर, ताप. ही कुणाची? बाबांची. २०१४, घाटकोपर, हाताला पत्रा कापला, चार टाके. बाबांची, मी होते बरोबर. २०१६, घाटकोपर, डोळे. बाबांचे. २०२२, मुलुंड, ठोके अनियमित. त्यांचे. गोळी, त्यांची. गोळी, त्यांची. प्रत्येक ओळीला बोट एकदाच दाबायचं होतं. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, "हसा बघू. दात दाखवा. हात वर, दोन्ही," आणि मग त्याचा, "वर जाते ना, पन हा मागून येते." सत्तावीस फेब्रुवारी, रुग्णालय, खुब्याचे हाड. बाबांची. त्याच दिवशी, चालू औषधे: रक्त पातळ करणारी गोळी, माहिती देणार: मुलगी. ही ओळ कुणाची? दोन नावं होती समोर, एक आणि दोन, आणि तिसरं तिथे नव्हतं. मी ती चुकीची म्हणून रद्द केली. कारण लिहा, असं आलं. मी लिहिलं: जुळणी चुकीची, रुग्णाने दोन वेळा नाही सांगितले होते, ऐकले गेले नाही. खाली माझं नाव आपोआप आलं. मी दाबलं.

रुग्णवाहिका यायला पंधरा मिनिटं लागणार होती. त्याला व्हीलचेअरवर बसवून बाहेर आणलं, सुनेला फोन लागत नव्हता, तर त्याने मला खुणेने जवळ बोलावलं. ओठ एका बाजूला किंचित उतरले होते की मला तसं वाटलं, कळेना. "माय, तू थांबशीन का, सून येईपर्यंत?" मी म्हटलं, थांबते. तेवढ्यात माझा फोन वाजला. आई.

"चेतना, बाबांचा कसला तरी कागद आलाय माझ्या मोबाइलवर. तुमच्या कंपनीचा आहे. आता कशाला पाठवतात गं हे?" ती वाचायला लागली, एकेक अक्षर लावत, तिच्या सवयीने मोठ्याने. नाव वाचलं. तारीख वाचली. टाके वाचले, त्यावर जराशी थांबली. "चालू औषधं," ती म्हणाली, "नाहीत. असं लिहिलंय. चालू औषधं नाहीत." पाठीमागे गॅसवर काही तरी उकळत असल्याचा आवाज येत होता. व्हीलचेअरच्या हातावरून त्या माणसाचा डावा हात घसरून लोंबायला लागला होता, मी तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि धरून ठेवला.

"म्हणजे ते खोटं बोलत नव्हते," आई म्हणाली. "मग ते तीन दिवस आपण कशासाठी थांबलो होतो?"

"आई," मी म्हटलं, "आधी गॅस बंद कर. आणि खाली बस."